उत्तर : ‘मोफत सोनोग्राफी’ आणि हातचे गेलेले दहा दिवस

तुम्ही लिहिलंय : अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या उत्तरेचं उपनगर, नवऱ्याच्या व्हिसावर, विमा पुढच्या महिन्यापासून. गर्भपाताची चौकशी करायची म्हणून ‘मोफत सोनोग्राफी’ची पाटी बघून आत गेलात, तर ‘अजून नीट दिसत नाही, दहा दिवसांनी या’ म्हणाले. वर ‘पहिली मुलगी आहे म्हणून हे नको का’ असंही विचारलं. अशाच ‘दहा दिवसांनी या’वर आमचंही गाडं अडलं होतं, म्हणून लांबलचक लिहितेय. (मी वकील नाही, डॉक्टरही नाही. इथला कायदा सारखा बदलतो. प्रत्येक गोष्ट फोन करून पडताळा.)

तुम्ही गेलात तो दवाखाना नव्हताच, याबद्दल मला फारशी शंका नाही. ही गर्भपातविरोधी संघटनांची केंद्रं असतात. पांढरा कोट, मशीन, सगळं असतं. पण बहुतेकांकडे दवाखान्याचा परवाना नसतो. विम्याचं बिल लावत नसल्यामुळे रुग्णाच्या गोपनीयतेचा कायदाही त्यांना बहुधा लागू होत नाही. म्हणजे फॉर्मवर तुम्ही जे लिहिलंत ते कुठे जातं, हे त्यांच्या मर्जीवर.

ओळखायचं कसं? फोनवर एकच प्रश्न : ‘तुम्ही गर्भपात करता का, किंवा जिथे करतात तिथे पाठवता का?’ खरा दवाखाना हो किंवा नाही म्हणतो. ‘सगळे पर्याय समोर बसून बोलू’ असं आलं की फोन ठेवा. गर्भपाताच्या गोळीचा परिणाम ‘उलटवून देतो’ अशी जाहिरात असेल तरी तेच समजा. आणि मोफत गर्भचाचणीचं कौतुक नको, तीच पट्टी डॉलर स्टोअरमध्ये मिळते.

आता दिवसांचा हिशेब, कारण सगळ्यात महागात पडते ती ही चूक. आठवडे गर्भ राहिल्यापासून नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. जॉर्जियात सोनोग्राफीत ठोके दिसले की थोडे अपवाद सोडून गर्भपात बंद, म्हणजे साधारण सहावा आठवडा. हातात 14 दिवस. त्यातून माहिती ऐकल्यानंतरचे सक्तीचे 24 तास गेले, शनिवार-रविवार गेला आणि यांचे दहा दिवस गेले. उरला एक. ‘नीट दिसत नाही’ हे पाचव्या आठवड्यात खरंही असू शकतं, पण ज्याला मदत करायची असते तो त्या दिवसांची किंमतही सांगतो.

या जाळ्यात सापडतं कोण? ज्यांची स्वतःची गायनॅक आणि चालू विमा आहे त्यांना ‘मोफत’ची पाटी दिसतही नाही. दिसते ती तासावर राबणाऱ्यांना, विद्यार्थिनींना, आपल्यासारख्या डिपेंडंटना. 1976 च्या हाइड दुरुस्तीपासून मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यातून, गर्भपाताला केंद्राचा पैसा जवळपास मिळत नाही. उलट जॉर्जियात 2016 च्या कायद्याने अशा केंद्रांना राज्याचं अनुदान मिळू शकतं. कित्येक ठिकाणी डायपरसुद्धा त्यांच्या पालकत्वाच्या वर्गाला बसून पॉइंट कमावल्यावर मिळतात.

‘पहिली मुलगी आहे म्हणून का’ या प्रश्नाचंही मूळ इथलंच आहे. 2010 साली अटलांटातल्या काळ्या वस्त्यांत मोठे फलक लागले होते : गर्भपातामुळे काळी मुलं नामशेष होत चालली आहेत, अशा अर्थाचे. लावणाऱ्या ‘जॉर्जिया राइट टू लाइफ’ आणि ‘रेडियन्स फाउंडेशन’ या गर्भपातविरोधी संघटना. त्याच सुमारास जॉर्जियात वंश किंवा लिंग बघून केलेल्या गर्भपातावर बंदीचं विधेयक आलं. एकाच कागदात दोन संशय : काळी बाई फसवली जाते आणि आशियाई बाई मुलगी मारते. अटलांटाच्याच ‘सिस्टरसाँग’ या काळ्या आणि इतर गोऱ्या नसलेल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका विरोधात उभ्या राहिल्या; ते विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये संमत झालं आणि हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, अडकलं. ॲरिझोनात मात्र 2011 मध्ये तसा कायदा झाला.

फलकांमागची भीती हवेतली नाही. 1973 मध्ये अलाबामात 12 आणि 14 वर्षांच्या दोन काळ्या बहिणींची सरकारी पैशाच्या दवाखान्यात नसबंदी झाली. आईला वाचता येत नव्हतं, तिने कागदावर फुली मारली होती. ती जखम खरी आहे. माझा राग तिचं भांडवल करण्यावर आहे. त्याच वस्त्यांसाठी मेडिकेड वाढवा, असा फलक मी तरी पाहिला नाही.

म्हणून एक सावधगिरी. आपल्याकडचा कायदा लिंग तपासणाऱ्यावर रोख धरतो. इथे लिंग उघड सांगतात, केक कापतात, आणि संशय बाईच्या हेतूवर घेतात. ‘एक मुलगी आहे’ वगैरे घरगुती गप्पा अनोळखी काउन्सेलरशी नकोत. 2015 मध्ये इंडियानात एका भारतीय वंशाच्या बाईला गर्भहत्या आणि हयगयीच्या आरोपांखाली 20 वर्षांची शिक्षा झाली होती. गर्भहत्येचा ठपका पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला.

सहा आठवडे उलटले असतील तर फ्लोरिडाला धावू नका, तिथेही सहाच. अलाबामा, टेनेसी पूर्ण बंद. नॉर्थ कॅरोलिनात 12 आठवडे, पण समोरासमोर समुपदेशन आणि मग 72 तास, म्हणजे दोन खेपा किंवा तीन रात्रींचं हॉटेल. व्हर्जिनियात 2020 पासून थांबण्याची सक्ती नाही, ड्राइव्ह लांब आहे तरी एका खेपेत होतं. पैशाची अडचण असेल तर अटलांटाच्या ‘एआरसी-साउथईस्ट’ फंडाला विचारा, आणि दवाखान्याची वेळ ठरत असतानाच विचारा, नंतर नाही.

फोन करताना त्या केंद्राने कागदावर लिहिलेले आठवडे सांगू नका. कॅलेंडरमधून शेवटच्या पाळीची तारीख काढा आणि तीच सांगा.