क्षमा केली, पण चाळीस वर्षे टळली नाहीत

प्रिय बंधू,

तुमचे पत्र दोनदा वाचले. सव्वीस वर्षांचा मुलगा मोबाईलवरच्या जुगारापायी दोन वेळा कर्जात बुडाला, दोन्ही वेळा तुम्ही भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून ते फेडले, आणि आता तिसऱ्यांदा सावकार दाराशी आला आहे. चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातला हट्टी व बंडखोर मुलाचा नियम काढून त्याला घराबाहेर काढायला सांगितले. उलट तुमच्या पत्नीचे म्हणणे असे की देव इतके सोसतो, तर आपण आणखी एकदा का फेडू नये. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारता.

मला वाटते, दोघांनीही पान अर्धेच वाचले आहे.

त्या कठोर नियमातही निर्णय एकट्या बापाचा नाही. आई आणि बाप अशा दोघांनी मिळून मुलाला नगराच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यावे, असे तेथे लिहिले आहे, आणि तुमच्या घरी आई त्याला मुळीच राजी नाही. शिवाय बंडखोर मुलांचा बाप म्हणून खुद्द परमेश्वरच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात गाऱ्हाणे मांडतो, आणि होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, ज्या एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, त्याने हाताला धरून चालायला शिकवले, त्याला सोडून देण्याच्या विचारानेच त्याचे अंतःकरण कालवते.

आता तुमच्या पत्नीचे. देवाला शास्त्रात 'मंदक्रोध' म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्दांचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो, कारण त्या भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. आपण नाकाच्या शेंड्यावर राग असलेली माणसे रोज पाहतो, म्हणून हे मला फार आवडते. पण मंदक्रोध असणे म्हणजे हिशेब मिटवून टाकणे नव्हे. देवाने देऊ केलेला कनान देश हेरून आलेल्या बारा जणांपैकी दहांनी इस्राएल लोकांना घाबरवले आणि सगळे मिसरात, म्हणजे जिथल्या गुलामीतून सुटून आले त्या इजिप्तमध्ये, परतायची भाषा करू लागले, तो प्रसंग बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात पाहा. त्यांचा पुढारी मोशे याने रदबदली केली तेव्हा परमेश्वर 'मी क्षमा केली आहे' असे म्हणाला, आणि त्याच दमात, ज्यांनी त्याची दहा वेळा परीक्षा पाहिली त्यांना तो देश दिसणार नाही, असेही म्हणाला. हेरगिरीच्या चाळीस दिवसांबद्दल चाळीस वर्षे रानात काढावी लागली. मात्र त्या वर्षांत मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, थांबला नाही, अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि पाय सुजले नाहीत, असे अनुवादाचा ८ वा अध्याय सांगतो. म्हणजे केल्याची फळे त्यांच्या पदरात राहिली, पण भाकर आणि सोबत काढून घेतली गेली नाही.

म्हणून या वेळी कर्ज फेडू नका आणि पत्नीच्या बांगड्याही गहाण पडू देऊ नका. हप्ते मुलाने आपल्या पगारातून भरावेत. सावकाराशी बोलताना हवे तर तुम्ही शेजारी बसा. त्या सावकाराकडे परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. जुगाराची ओढ हा आजारही असू शकतो, तेव्हा त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आणि मोफत आहे. त्याला घराबाहेर मात्र काढू नका.

रात्री तो उशिरा आला तर दार कोणी उघडावे, हे तुम्ही विचारलेले नाही. तुम्हीच उघडा. ताट झाकून ठेवलेले असू द्या, आणि तो जेवत असताना पैशांचा विषय काढू नका.

तुमची ताई