टांझानियाच्या जिनिंगवर फिटर म्हणून जायचं तर

भाऊ, वणीकडे जिनिंगवर (कापसातून रुई अन् सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर) हंगामी फिटर आहेस, टांझानियातल्या म्वांझाकडच्या जिनिंगचं बोलावणं आलंय, तर काय बघून जाऊ, असं तू विचारलंस. व्हिसा-लसीचं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

मशीन कोणतं, ते आधी लेखी विचार. डबल रोलर असेल तर हात चालतो. चामडी चकत्यांचा रोला, स्थिर पट्टी, हलती पट्टी, सगळं तेच. सॉ जिन, म्हणजे करवतीच्या दात्यांनी रुई ओढणारं मशीन, निघालं तर काम नव्यानं शिकावं लागतं, अन् जाब पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो.

डबल रोलरवरही खरा त्रास स्पेअरचा. स्पेअर मिळायचं नागपूर तिथून समुद्रापलीकडं, म्हणून रोला वाचवावा लागतो. स्थिर पट्टी जास्त दाबली की रोला तापतो, चामडं गुळगुळीत होतं, रुई ओढत नाही. उत्पादन पडलं म्हणून ऑपरेटर आणखी दाबतो, झालं! दाब कमी कर, रोल्यावरच्या खाचा पुन्हा पाड. सरकी खाली पडायची जाळी अन् हलत्या पट्टीतली फट वाढली तर सरकीसोबत कापूस जातो. कमी झाली तर सरकी फुटून रुईवर तेलाचे डाग. १०० किलो कापसाला ३३-३४ किलो रुईचा उतारा धर. कमी पडला तर आधी सरकी मुठीत घेऊन तिला कापूस राहिलाय का बघ, मग मशीन उघड.

आता कागद. हा विषय निघाला की डोकं अजून फिरते. हंगामी माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर, तोही ‘मजूर’ म्हणून. पीएफ कापत असतील तर यूएएनवरची (पीएफच्या नंबरावरची) सेवा-नोंद काढ, पण त्यानं फिटर असल्याचं सिद्ध होत नाही. मालकाच्या लेटरहेडवर पत्र पाहिजे: मशीनचा प्रकार, किती मशिनी, तू स्वतः काय करतोस, कोणते हंगाम. भर हंगामात, रोला अडला त्याच दिवशी माग. होळीनंतर मालक ओळख दाखवत नाही. अन् आपल्या दाखल्यावर आडनाव आधी असते, पत्रात नाव पासपोर्टच्याच क्रमानं लिहून घे.

तिकडं कापूस मे-जूनला सुरू होतो. बंद महिन्यांत पगार पूर्ण, अर्धा की बिनपगारी सुटी, ते करारात पाहिजे.

एकटेपणाचं विचारू नको, रात्रपाळीत सुचत नाही.

पोट्टे न्यायचे म्हणतोस. भारतीय अभ्यासक्रमाची शाळा दार-एस-सलामला, म्वांझाहून रस्त्यानं हजार किलोमीटरच्या वर. माझी पोरगी गावीच शिकली, पालकसभेला आजा जायचा. पगाराच्या हिशोबात ते कुठं मांडायचं, मला अजून जमलं नाही. मालक शाळेची फी देतो म्हणाला, तर कोणत्या गावातल्या शाळेची, ते आधी विचार.