हवामान बदलाबद्दल लोकांना काय वाटतं, यावर संशोधन करणारे दिवसभर नेमकं काय करतात? मी मानसशास्त्र शिकतोय, यात करिअर करावं का?

मी गेली बारा वर्षं हेच काम करतेय. घरच्यांना अजूनही वाटतं की मी पावसाचा अंदाज सांगते.

खरं काम म्हणजे प्रश्न लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या प्रश्नावलीत एक विधान होतं : 'हवामान बदल गंभीर आहे आणि सरकारने त्यावर तातडीने पावलं उचलायला हवीत.' सहमत की असहमत? चाचणीत जवळजवळ सगळेच सहमत निघाले, मी खूश. गाइडनी 'आणि'भोवती पेनाने एक गोल काढला आणि काही न बोलता कागद परत दिला. ज्याला पहिलं पटतं पण दुसरं नाही, त्याने खूण कुठे करायची? शिवाय काहीही विचारलं तरी 'सहमत' म्हणून मोकळे होणारे असतातच.

शब्दांची भानगड वेगळी, आणि मराठीत ती जरा जास्तच. 'हवामान' आपण आजच्या ऊन-पावसालाही म्हणतो आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीलाही. मुख्य सर्वेक्षणाआधी आम्ही थोड्या लोकांना प्रश्न वाचून दाखवतो आणि 'यातून काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा' म्हणतो. एक आजोबा म्हणाले, "बदलतंय की! सकाळी ढग होते, आता बघा कसं कडक ऊन पडलंय." ही चौकशी केली नसती तर त्यांच्या नावापुढे 'होय, हवामान बदलत आहे' एवढंच नोंदलं गेलं असतं आणि माझ्या तक्त्यात ते जागरूक नागरिक ठरले असते. तेव्हापासून मोठ्या टक्केवारीचा मथळा दिसला की मी आधी मूळ प्रश्न शोधते.

हे फक्त मराठीचं नाही. अमेरिकेतला २०११ सालचा एक अभ्यास आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतो. तिथल्या रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांना 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणून विचारलं तर ते घडतंय असं ४४ टक्के म्हणाले. 'क्लायमेट चेंज' म्हणून विचारलं तर ६० टक्के. समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे समर्थक दोन्ही वेळा ८६-८७ टक्क्यांवरच. त्याच वर्षी येल विद्यापीठाच्या गटाने भारतात सर्वेक्षण केलं, त्यात ४१ टक्के लोकांनी ग्लोबल वॉर्मिंगबद्दल कधी ऐकलं नाही किंवा माहीत नाही असं सांगितलं. पण दोन वाक्यांत अर्थ समजावल्यावर ७२ टक्के म्हणाले की हो, हे होतंय. म्हणजे नाव ठाऊक नसलं तरी अनुभव होताच. मग यांना 'अनभिज्ञ' म्हणायचं का? मी म्हणत नाही. काही सहकारी म्हणतात, त्यावर आमचे वाद होतात.

मानसशास्त्रवाल्यांचा एक लाडका समज असतो, माझाही होता : लोकांना माहिती द्या, मत आपोआप बदलेल. अमेरिकी संशोधक डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अमेरिकेत ज्यांचं विज्ञान आणि गणित जास्त पक्कं, त्यांच्यातच हवामान बदलाबद्दल वेगवेगळ्या गटांच्या मतांतली दरी जास्त रुंद असते. हुशार माणूस आपल्या गटाच्या बाजूने जास्त हुशारीने वाद घालतो, असा त्यांचा रोख. हा निबंध वाचून मी माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण फेकून दिलं.

आता करिअरचं. विद्यापीठं, धोरणसंस्था, स्वयंसेवी संस्था, मतचाचण्या घेणाऱ्या कंपन्या, काम या चार ठिकाणी मिळतं. पैसा बहुतेक वेळा प्रकल्पाचा असतो. प्रकल्प संपत आला की अर्ज लिहिण्याचा हंगाम सुरू. संख्याशास्त्र टाळून इथे निभाव लागत नाही, 'आर' (R) ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा शिकायला आजच लागा. कंटाळवाणं कामही भरपूर आहे. वीस मिनिटांची प्रश्नावली कोणी चार मिनिटांत भरलेली असते, सगळीकडे मधलाच पर्याय. अशा नोंदी शोधून काढण्यात आठवडे जातात.

मग मी अजून इथे का? एक आकडा सांगते. २०२४ मध्ये १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवामान बदल रोखायला दर महिन्याच्या उत्पन्नातला १ टक्का द्याल का, असं विचारल्यावर ६९ टक्के हो म्हणाले. तुमच्या देशातले किती लोक देतील, या प्रश्नाचं सरासरी उत्तर होतं ४३ टक्के. तोंडाने 'देईन' म्हणणं आणि खिशात हात घालणं यात अंतर आहे, ते मला रोज दिसतं. तरी प्रत्येकाला 'मी तयार आहे, बाकीचे नाहीत' असं का वाटतं, हे कोडं मला सोडत नाही.

करावं की नाही हे ठरवायच्या आधी एक करून बघा. हवामान बदलावर तीन प्रश्न लिहा, ओळखीच्या नसलेल्या पाच जणांना विचारा, आणि प्रत्येक उत्तरानंतर 'म्हणजे कसं?' एवढंच विचारून गप्प बसा. त्या रात्री प्रश्न पुन्हा लिहायला बसावंसं वाटलं, तर मला इथेच कळवा.