प्रोजेक्ट करत बसला, तर पेपर कोण लिहिणार?

जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी हा प्रश्न ठरलेलाच. शाळेतल्या एखाद्या उत्साही बाई गणिताला मोजमापं, सर्वेक्षणं, बाजारातले हिशेब जोडतात आणि घरी धाकधूक सुरू होते. नववीतल्या ओंकारची (नाव बदललं आहे) आई लालबागहून आली तीही हेच घेऊन. "मॅडम, आधीच गणितात काठावर पास. त्यात बाई म्हणतात गच्चीवर पडणारं पाणी मोजा. पुढच्या वर्षी बोर्ड आहे हो!"

ओंकारला मी एक सोपं उदाहरण दिलं. प्रत्येक पायरीला पेन्सिल थांबवून तो माझ्याकडे बघायचा. "बरोबर आहे ना?" उत्तर बरोबर आलं तरी चेहरा तसाच. गणिताला घाबरणारी बहुतेक मुलं मी अशीच बघताना पाहिली आहेत. आकडेमोड त्यांना येते, पण ती बरोबर की चूक हे ठरवायचा हक्क त्यांनी केव्हाच मोठ्यांना देऊन टाकलेला असतो. म्हणून आईला म्हटलं, बाईंचा प्रकल्प थांबवू नका, उलट तो इथे घेऊन या.

ओंकारने बाबांबरोबर टेप धरून गच्ची मोजली. १५ मीटर लांब, १२ मीटर रुंद. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस धरून त्याने १८० गुणिले १०० केलं आणि लिहिलं, १८,००० घनमीटर. सवयीने वर बघितलं. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही.

"तुमच्याकडे टँकर येतो तो केवढा?"

"दहा हजार लिटरचा."

"आणि एक घनमीटर म्हणजे?"

"हजार लिटर." तो पुटपुटत राहिला, मग एकदम ताठ बसला. "अठराशे टँकर? एका गच्चीवर? शक्यच नाही! थांबा मॅडम, सांगू नका."

मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले, हे त्याचं त्यालाच सापडलं. १८ घनमीटर, म्हणजे जेमतेम दोन टँकर. मग त्याने आपणहून २६ जुलै २००५चा हिशेब मांडला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा त्याच्या गच्चीवर पडता, तर सतरा टँकर. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मला फार बरं वाटलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की समज आधी हातातून येते, मग चित्रातून, शेवटी चिन्हांतून. मी त्याच वाटेची. टँकर डोळ्यांसमोर असलेल्या मुलाला चुकीचं उत्तर आपणहून खटकतं. नुसत्या सूत्रात अडकलेल्याला खटकायला काही नसतंच.

आता आईच्या प्रश्नाकडे. पेपर ओंकारच लिहील, पण त्यासाठी प्रकल्प वहीपर्यंत पोचला पाहिजे. गच्ची मोजली त्याच संध्याकाळी आम्ही 'पृष्ठफळ व घनफळ' या प्रकरणातली उदाहरणं काढली. हा दुवा सुटला, तर उरतो थर्माकोल आणि चकचकीत कागद. तोही बऱ्याचदा आईनेच कापलेला! पालकांनी टेपचं दुसरं टोक धरावं, आकडेमोड करू नये. मोजण्याआधी मुलाला अंदाज सांगायला लावा आणि तो लिहून ठेवा. "बरोबर आहे ना?" आलं, की "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं पालकांना सगळ्यात जड जातं.

सगळं गणित गच्चीवर सापडत नाही. बहुपदींचे अवयव सरावानेच येतात, तिथे ओढूनताणून प्रकल्प करू नये. आणि नववीतही साध्या संख्या उलटसुलट होत असतील, पाढा रोज नव्याने विसरत असेल, तर ओरडण्याआधी अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते, आणि निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात.

ओंकार अवयव पाडताना अजून चिन्हं चुकवतो. पण हल्ली आलेले अवयव गुणून मूळ राशीशी ताडून बघतो, कुणी न सांगता.