वाचकांचे प्रश्न : जुनी वीजवाहिनी कधी बदलावी?

प्रश्न : आमच्या रत्नागिरीजवळच्या बागेवरून चाळीसेक वर्षांपूर्वीची वीजवाहिनी जाते. केवळ वयामुळे ती धोकादायक मानावी काय?

उत्तर : नाही, पण किनाऱ्याजवळ वय लवकर वाढते, हे खरे. आपल्याकडील बहुतेक जुन्या तारांत मधोमध जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी गाभा आणि त्याभोवती ॲल्युमिनियमचे पीळ असतात. खारी हवा पिळांतून आत शिरते, आधी जस्त खाऊन टाकते आणि मग पोलादाच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम आतून झिजू लागते, तरी बाहेरून तार धडधाकटच दिसते. पांढरी भुकटी किंवा तारेला आलेला फुगवटा जमिनीवरून दिसू लागतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून तारेवरून फिरणाऱ्या यंत्राने उरलेले जस्त मोजतात, उष्णतादर्शक कॅमेऱ्याने तापणारे सांधे शोधतात आणि शंका आल्यास तुकडा कापून तो ताणून व पिळून ताकदीची चाचणी घेतात. बदलण्याचा निर्णय उरलेल्या ताकदीवर घ्यावा, कॅलेंडरवर नव्हे.

तारेइतकेच ती लटकवणारे आकडे (हुक), क्लॅम्प आणि खांबही तपासावे लागतात. माझ्या मते हीच बाजू सर्वाधिक दुर्लक्षित राहते. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८मध्ये ८५ बळी घेणारा वणवा पेटला, तो सुमारे शंभर वर्षे जुन्या वाहिनीवरील झिजलेला आकडा तुटल्याने. तार बदलताना किनाऱ्यावर पोलादी गाभा नसलेली, ॲल्युमिनियम मिश्रधातूची तार अधिक टिकते. झोळ वाढलेला दिसल्यास मात्र स्वतः काठी लावून अंतर मोजू नका, वीज कार्यालयास लेखी कळवा.