फळमाशी कोणती? आधी पंख बघा

प्रश्न : आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉलचे (फळमाशा ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावले आहेत. आठवड्यानं डबा उघडला की काही माशा काळ्या पाठीच्या दिसतात, काही तांबूस. ही एकच जात की दोन? (वाचक, देवगड)

नुसत्या पाठीच्या रंगावर गेलात तर फसाल. आंब्यावरची मुख्य फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिची पाठ बहुतेक वेळा काळी असते, पण तांबूस-तपकिरी पाठीच्या डॉर्सालिसही मिळतात. उलट बॅक्ट्रोसेरा झोनाटा तांबूसच असते आणि तीही याच गंधाला येते. म्हणून आधी पंख बघायचा, पाठ नंतर.

डब्यात कीटकनाशक असतं, हातमोजे घाला. माशी चिमट्यानं पायाला धरून उचला. पंखाला धरली तर तो मुळाशी तुटतो, आणि नेमकी खूण तर तिथेच असते. वाळून कडक झालेली माशी ओल्या टिपकागदावर झाकणाच्या डबीत रात्रभर ठेवली की मऊ पडते. दोन-तीन दिवस राहिली तर बुरशी धरते. मग पांढऱ्या कागदावर ठेवून दहापट भिंगातून पंखाची पुढची कड तपासा. कडेनं एक अरुंद तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग गेली असेल तर डॉर्सालिस. पट्टी मध्येच तुटून टोकाला एक सुटा ठिपका राहिला असेल तर ती डॉर्सालिस नाही. हा ठिपका ताज्या माशीत भिंगाशिवायही दिसतो.

ठिपकेवाल्या पुन्हा दोन. तांबूस अंगाची असेल आणि तोंडावर, मिशांच्या खाली, दोन सुटे गोल काळे ठिपके असतील तर झोनाटा. पाठ काळसर असून तेच ठिपके आडवे ताणले जाऊन जवळजवळ एक काळी रेघ झाली असेल तर ती बॅक्ट्रोसेरा करेक्टा, पेरूवर हमखास भेटणारी. पोटावरची काळी ‘टी’ अक्षरासारखी खूण डॉर्सालिसमध्ये असते तशी करेक्टामध्येही असते, त्यामुळे या दोघींत तिचा उपयोग नाही. पाठीच्या दोन्ही कडांच्या पिवळ्या रेघाही तिघींना असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

आता इतकं कशाला, असं वाटेल. माल गावच्या बाजारात जाणार असेल तर खरंच फारसा फरक पडत नाही: तिघींना सापळा एकच, आणि गळकी, किडकी फळं रोज वेचून खोल पुरण्याला पर्याय तिघींतही नाही. निर्यातीचा माल असेल तर नाव नेमकं लागतं. भारतीय मालात फळमाशा सापडल्या म्हणून युरोपीय संघानं २०१४ च्या मे महिन्यात आपल्या आंब्याची आयात थांबवली होती.

एक लक्षात असू द्या. या सापळ्यात नरच येतात. पोटाच्या टोकाला अंडी घालायची सुई शोधत बसाल तर ती मिळणार नाही. फळाला डंख करणारी मादी बाहेरच फिरत असते, म्हणूनच डबा भरला तरी फळ पोखरलेलं निघतं.

प्रश्न : तोच सापळा कारल्याच्या मांडवात लावला. कारली सडतायत, सापळ्यात मात्र एक माशी नाही. गंध खराब निघाला का? (वाचक, सांगोला)

गंध ठीक असेल, माशी वेगळी आहे. वेलवर्गीय पिकांवरची झ्युगोडॅकस कुकर्बिटी मिथाइल युजेनॉलला येत नाही, तिला क्यू ल्यूर हा दुसरा गंध लागतो. ओळखायला सोपी: पाठीच्या बरोबर मधोमध तिसरी पिवळी रेघ. पंखाची पट्टी रुंद असते, टोकाशी आणखी पसरते, आणि पंखातल्या बाहेरच्या आडव्या शिरेवर तपकिरी डाग असतो. मधली रेघ दिसली की आंब्यावरच्या तिघीही बाद.

प्रश्न : किडक्या पेरूतून घरी माशा काढल्या. सगळ्या फिकट पिवळट, एकही खूण जुळत नाही. (वाचक, राहाता)

कोषातून निघाल्या निघाल्या मारल्या असणार. अंगावर रंग चढायला वेळ लागतो. फळ बरणीत दोन-तीन इंच ओलसर वाळूवर ठेवा, बरणीच्या तोंडाला मलमलचं कापड बांधा. अळ्या वाळूत उतरून कोष करतात. माशा निघाल्यावर कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी आणि वेगळं साधं पाणी देऊन चार-पाच दिवस जगवा, मग डबीत घालून फ्रीजरमध्ये दोन-तीन तास ठेवा. अल्कोहोलमध्ये बुडवायच्या आधी फोटो काढा, कारण पुढे त्यात पिवळा रंग उतरत जातो. पाणी तुंबून वाळू चिकचिकीत झाली की कोष कुजतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये, इतकीच ओल हवी.

प्रश्न : पिकल्या अंजिरांवर बारीक माशा घोंघावतात. हीच फळमाशी का? (वाचक, पुरंदर)

नाही, ही चिलटं. घोटाळा नावाचा आहे, दोघींनाही फळमाशी म्हणतात. चिलट दोन-तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं, पंख बिनडागाचे. खरी फळमाशी त्याच्या दुपटीहून मोठी. अळीवरूनही कळतं: फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी अंगाची कमान करून टुणकन उडी मारते, चिलटाची नुसती सरपटते. कोष तर चुकूच देत नाही. फळमाशीचा कोष गुळगुळीत पिंपासारखा, मातीत. चिलटाचा फळात किंवा डब्याच्या भिंतीला चिकटलेला, पुढच्या टोकाला दोन बारीक शिंगं असलेला.

डोक्यापासून पाठीच्या टोकापर्यंत चांदीसारख्या पांढऱ्या रेघा असतील, दोन्ही बाजूंनी काळी किनार लावल्यासारख्या, तर ते झॅप्रिओनस इंडियानस. नावातच भारत आहे. १९७० साली या जातीला इथल्या नमुन्यांवरून हे नाव मिळालं. बाकीची बहुतेक चिलटं सडक्या फळावर येतात. ही मात्र पिकत आलेल्या अंजिराच्या डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या छिद्रापाशी, अंडी घालते. तेव्हा अंजीर झाडावर फार पिकू देऊ नका, आणि तोडणी सकाळी रोजच्या रोज.