चुन्याची निवळी आणि हॅमरचा मोह

प्रश्न : ताई, माझी चार फुटी मरीन (खाऱ्या पाण्याची) टाकी चौदा महिने व्यवस्थित चालू आहे. क्लाऊनफिशची जोडी, दोन डॅमसेल मासे, थोडे झोअँथिड (मऊ, बिनसांगाड्याचे, प्रवाळाचे भाऊबंद). परवा एका विक्रेत्याने सात डोक्यांचा हॅमर प्रवाळ दाखवला. 'कागदबिगद काही लागत नाही' म्हणाला. घ्यावा का? – एक निवृत्त बँक अधिकारी, सहकारनगर

घेऊ नका. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला 'कागद लागत नाही' ऐकून खटकलं, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत, असं मी धरून चालते.

हॅमर हा दगडी प्रवाळ. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 साली सगळेच दगडी प्रवाळ घातले गेले. वाघ आहे त्याच परिशिष्टात. मालवण असो, लक्षद्वीप असो की अंदमान, आपल्या समुद्रातून तो काढणं-विकणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. 'परदेशात शेतीत वाढवलेला आहे' असं सांगतील. असेलही. पण दगडी प्रवाळ साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे तो देश सोडतानाच परवाना लागतो, आणि त्यावर जातीचं नाव लिहिलेलं असतं. असा कागद कोणी पुढे केलाच, तर तो घेऊन आधी वन विभागात जा, पैसे नंतर. अंदमानच्या सहलीत वाळूतून उचललेला पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. शोकेसमध्ये ठेवलेल्यांनी उगाच दुसरीकडे पाहू नये.

माझ्या कर्वेनगरच्या टाकीतही दगडी प्रवाळ नाही. जे शिकले ते लेकीकडे हॅम्बुर्गला, तिची टाकी पाच महिने सांभाळताना. ते पुढच्या पत्रात कामाला येईल.

प्रश्न : मुलगा-सून मेलबर्नला असतात. दोनशे लिटरची टाकी आहे, त्यात एक हॅमर आणि एक नाजूक दगडी प्रवाळ, अ‍ॅक्रोपोरा. दिवाळीनंतर मी तिकडे जाणार, आणि ते दोघं महिनाभर भारतात. टाकी माझ्या गळ्यात! सूनबाईला त्याआधी अजून एक प्रवाळ घ्यायचा आहे. कोणता घ्यायला सांगू? आणि मी रोज काय बघू? – औंध

आधी खरेदी. तिकडे क्वीन्सलंडमध्ये परवाना घेऊन प्रवाळ काढायची रीतसर पद्धत आहे, त्यामुळे दुकानात उघड मिळतात. सूनबाईला डंकन घ्यायला सांगा. मूळ ऑस्ट्रेलियाचाच, सोशीक, आणि कोळंबीचा बारीक तुकडा दिला की डोळ्यांदेखत तोंड मिटून गिळतो. तुमच्या नातवंडांना आवडेल. दुसरा हॅमर हवाच असेल तर फांद्यांचा घ्यावा, सलग भिंतीसारखा वाढणारा नको. फांद्यांच्या हॅमरचं एक डोकं सडलं तर तेवढं कापून टाकता येतं. भिंतीचा एका टोकाला सडू लागला की कुज पूर्ण लांबीभर धावते.

दुकानात फुललेल्या रंगाला भुलू नये, खाली वाकून बुडखा बघावा. मांस जिथे संपतं तिथे सांगाडा ताजा पांढरा दिसत असेल, तर ते मागे हटतंय. तपकिरी शेंबडासारखं काही चिकटलं असेल तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नये. काचेसारखी छोटी अ‍ॅनिमोनी बुडख्याला दिसली तर तीही घरी येते आणि मग वर्षभर पाहुणचार घेते. जागा देताना शेजाऱ्यापासून वीतभर अंतर. दिवसा ही मंडळी गोगलगाईसारखी गरीब दिसतात, पण रात्री डंखाचे लांब धागे बाहेर काढून शेजाऱ्याला भाजतात. पाण्याचा झोत एवढाच, की हॅमर ज्वारीच्या कणसांसारखा इकडून तिकडे डोलला पाहिजे. एकाच बाजूला आडवा पडला तर पंपाचं तोंड फिरवा.

आता तुमचं रोजचं काम. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या चुन्यापासून बांधतो, म्हणून रोज थोडं कॅल्शियम आणि थोडी क्षारता खातो. क्षारता डीकेएचमध्ये मोजतात. आठच्या आसपास हवी, आणि त्याहून महत्त्वाचं, काल होती तेवढीच आज हवी. कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम, खारेपणा हजारी 35, तापमान 25-26 अंश. पण महिनाभर सांभाळायला आलेल्या आजीने रोज क्षारता मोजली तरी पुष्कळ. छोट्या कुपीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब मोजत जायचं, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. रोज एकाच वेळी, कारण दिवसभरात आकडा हलतो. लेकीच्या घरी मी पुण्याहून नेलेल्या कालनिर्णयवर, एकादशी-चतुर्थीच्या चौकटीत, आकडे लिहायचे.

तिथेच माती खाल्ली. तिसऱ्या आठवड्यात आकडा 6.8 आला. तीस वर्षं मुलांना टायट्रेशन शिकवलेली मी घाबरले, आणि नऊवर न्यायला खायच्या सोड्याचे तीन चमचे पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात ओतले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्रोपोराची टोकं मेणबत्तीवर धरल्यासारखी पांढरी. हॅमर तीन दिवस रुसून आत बसला. लेकीने फोनवर काही म्हटलं नाही, 'आई, दिवसाला अर्धा' एवढंच. तेव्हापासून दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त चढवायचं नाही, ही माझी लक्ष्मणरेषा. तुमच्याकडे अ‍ॅक्रोपोरा आहे म्हणून हे एवढं लांबवलं; तो हॅमरइतका माफ करत नाही.

क्षारतेसाठी सोडा आणि कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराईड एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात घालू नका. दोन्ही भेटले की पाण्यात पांढरा ढग उठतो. तो खडू आहे, आणि खडूचा प्रवाळाला उपयोग नाही.

टाकीतलं पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून वरून भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याची. याच भरीतून लेक चुना द्यायची, आणि बाटली पाहताच मी ओळखली : शाळेतली चुन्याची निवळी, फुंकर मारली की दुधाळ होणारी! लिटरभर शुद्ध पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. वरचं नितळ तेवढंच घ्यायचं, आणि रात्री थेंबथेंब सोडायचं. ही निवळी फार जहाल असते, एकदम ओतली तर मासे मरतील. झाकण उघडं राहिलं तर वर साय धरते. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साईड तिने खाल्ला आणि तेवढा चुना वाया गेला. पानाच्या डबीतला किंवा रंगाऱ्याचा चुना मात्र नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईड लागतं. मुलाने बाटली भरून ठेवली असेल तर थेंबांचा वेग त्याच्याकडूनच ठरवून घ्या, तुम्ही बदलू नका.

आणि जायच्या आधी त्याच्याकडून एक फोटो मागवा : दिवे लागल्यावर दोन तासांनी सगळे किती फुललेले असतात त्याचा. तो फ्रिजवर लावा. टाकी त्याच्याशी जुळते का, एवढं रोज बघितलं की अर्धी परीक्षा झाली.

प्रश्न : मरीन टाकी सुरू करतोय. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, एरवी बोअरचं पाणी. मीठ यातच कालवू का? शिवाय गुरुवारी वीज जाते. – वाघोली

नाही. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, तरी मी तेही थेट वापरत नाही, क्लोरीन असतोच. बोअरच्या पाण्यात आधीच काय-काय मिसळलंय ते मिठाच्या पिशवीला ठाऊक नसतं. आरओला डीआयचा, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारा डबा जोडून घ्या. स्वयंपाकघरातला नुसता आरओ पुरत नाही, बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात.

वीज गेली की दिव्यापेक्षा पाणी हलतं राहणं महत्त्वाचं. बॅटरीवरचा हवेचा पंप पुरतो. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोटा पंखा लावलात तर पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात, पण पाणीही तितकंच उडतं, भर वाढवावी लागते. जूनमध्ये हवा ओली झाली की पंख्याची ही करामत संपते.

पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर तीनेकशे रुपयांत मिळतो. डीआयमधून आलेल्या पाण्यात बुडवा, शून्य दिसलं तरच मीठ कालवा. टँकर आला की पुन्हा बुडवा.